बोलिंगचा स्पिनर

पुणे,
५ जानेवारी २०२५

बाबा,

इथूनच पाया पडते. फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू जात नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारच्या काकू दार उघडून बघतात, या पोरीचं कुणाशी भांडण चाललंय म्हणून. आई होती तेव्हा फोनवर ती मधे बसायची. मी एक वाक्य बोलले की तुमच्या कानाशी जाऊन ती त्याची तीन करायची. ती गेल्यापासून आपलं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ एवढ्यावर आलंय. म्हणून आज कागद घेतला.

काम आहे. मी ज्या खेळाच्या ठिकाणी मशिनी सांभाळते, तिथे बोलिंगला गर्दी फार वाढलीय. बॉल वापरून वापरून खराब झालेत, पकड गेलीय त्यांची. याला इलाज एकच, स्पिनर. तो परदेशातून मागवावा लागतो आणि त्याचं नाव काढलं की आमचा मालक विषय बदलतो. परवा मी बोलून बसले, “माझे बाबा बनवून देतील.” बाबा काय करतात, असं त्यानं विचारलं. म्हटलं, धामणगाव बढ्याला त्यांचं वर्कशॉप आहे, पेरणीयंत्रापासून पाण्याच्या मोटरीपर्यंत लोक सगळं त्यांच्याकडेच आणतात. तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मार्चअखेर स्पिनर उभा राहिला तर बॉलचं सगळं काम माझ्या हाताखाली येईल. नाहीतर ते बाहेरच्या माणसाला देणार आहेत.

तुम्हाला वेगळं काय सांगायचं? बॉल एकाच जागी फिरला पाहिजे, इकडेतिकडे पळता कामा नये. वेग कमीजास्त करता यावा. एवढं जमलं की झालं.

चष्मा न लावता ग्राइंडर चालवू नका. तुम्ही चालवता, मला माहीत आहे.

तुमची
योगिनी


धामणगाव बढे, ता. मोताळा
१९ जानेवारी

चि. योगिनी,

तुला आशीर्वाद. तुझ्या मालकाला आशीर्वाद द्यायचे की नाही ते स्पिनर उभा राहिल्यावर ठरवू. हसतो काय! त्याला म्हणावं, दयाराम मिस्त्रीनं जोडलेला सांधा तोडून दाखव.

तुझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलं, मग शटर अर्धं ओढून पुन्हा वाचलं. तू परत बोलिंग सुरू केलीस हे मला कुणी सांगितलंच नाही. मी आपला समजत होतो, मोठ्या शहरात पोरांना खेळायला मोटारगाड्या असतात, त्या तू दुरुस्त करतेस. तर तू मैदानात आहेस! बॉलची पकड गेली म्हणतेस, ती जातेच. शिवण उसवली की बोटं कशाला धरणार?

यंत्र कसं करायचं ते माझ्या डोक्यात त्याच दिवशी बसलं. मोपेडची दोन चाकं समोरासमोर लावायची, मधे बॉल जाईल एवढीच फट. दोन्हीला वेगळी मोटर. एक चाक जोरात, एक हळू. बॉल मधून सुटला की सरळ जाणारच नाही, टप्पा पडला की वळेल. तू लेग स्पिन टाकायचीस तसा. पण एकाच जागी टप्पा पडून फिरला पाहिजे, हे तू अवघड मागितलंस. तरी करतो.

आता दुसरं लिहितो. हे तुझी आई असताना लिहिता आलं असतं, पण तेव्हा मधे बोलायला ती होती म्हणून लिहिलं नाही.

तू सोळा वर्षांची होतीस. बुलडाण्याला जिल्ह्याच्या मुलींची निवड होती. सकाळच्या एस.टी.नं जायचं म्हणून तू पांढरे कपडे घालून दारात उभी होतीस. मी म्हणालो, “पोरीच्या जातीनं बॉल घेऊन बुलडान्याले कायले जायाचं? लोक काय म्हनतीन?” तू आत गेलीस, कपडे बदललेस आणि दुकानात येऊन वेल्डिंगचा मुखवटा लावून कामाला बसलीस. दिवसभर तो मुखवटा तू वर केला नाहीस. मला बरं वाटलं, पोरगी शहाणी झाली. पुढे कधीतरी ध्यानात आलं की त्या दिवशी दुकानात वेल्डिंगचं काम एवढं नव्हतंच.

त्यानंतर तू बॉल हातात घेतला नाहीस. त्याआधी दुकानाच्या मागच्या भिंतीवर तो आपटायचा, मी चिडायचो. आता कानच गेले, पण त्या भिंतीकडे पाहिलं की आवाज आठवतो.

माझं चुकलं, बेटा. तुला जाऊ द्यायला पाहिजे होतं. अठरा वर्षं हे तोंडात घेऊन फिरतोय. तू पुन्हा खेळतेस म्हणून आज ते बाहेर पडलं.

चाकं मिळाली आहेत. उद्या सांगाडा जोडतो.

तुझा बाप
दयाराम


पुणे,
२७ जानेवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

बाबा,

तुमचा गैरसमज झालाय. हे बोलिंग क्रिकेटचं नाही. मॉलमध्ये लाकडाची लांब गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावरून लोक मोठा जड गोळा घरंगळत सोडतात आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा बाटल्यांसारख्या खुंट्या पाडतात. त्यालाही बोलिंगच म्हणतात. तो गोळा खडबडीत झाला की यंत्रावर गरगर फिरवून पॉलिश पेपरनं घासायचा असतो. त्या यंत्राला स्पिनर म्हणतात. बॉल एकाच जागी फिरला पाहिजे म्हणजे जागच्या जागी, भोवऱ्यासारखा. मी क्रिकेट खेळत नाही. त्या दिवसानंतर कधीच


पुणे,
२७ जानेवारी

बाबा,

पत्र मिळालं. ड्युटीवर जाताना बसमध्ये उघडलं, ते चुकलंच. उतरायचा स्टॉप मागे गेला.

तो मुखवटा तुमच्या लक्षात आला होता, हे मला ठाऊक नव्हतं. काचेतून सगळं हिरवं काळं दिसायचं आणि डोळे पुसायला हात आत जायचा नाही. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा मी “थांब, सांधा राह्यला” म्हटलं. सांधा कसला, लोखंडाचे दोन तुकडे उगाच जोडत होते आणि तोडत होते.

तुम्हाला त्या दिवसाचं अजून काही आठवत असेल तर लिहा. मला वाचायचंय. कामाचं नंतर लिहिते. यंत्राची घाई करू नका. खरंच नका करू.

योगिनी


धामणगाव बढे,
१४ फेब्रुवारी

चि. योगिनी,

घाई करू नका म्हणतेस आणि मार्चअखेर पाहिजे म्हणतेस. एकदा आईवर गेलीस, एकदा माझ्यावर. असो. यंत्र झालं!

मागच्या मोकळ्या जागेत काल चाचणी घेतली. शाळेचे राजकुमार गुरुजी बॅट घेऊन उभे राहिले. पोट सुटलंय त्यांचं, पण स्टान्स अजून ऐटीत घेतात. पहिला बॉल त्यांच्या डोक्यावरून शेजारच्या सिंधूताईंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या मिरच्यांत. सिंधूताई वरून हात नाचवत काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, गुरुजींनी कानात ओरडून सांगितलं. “दयारामभाऊ, या वयात हे काय खेळून राह्यले?” मी म्हटलं, “माह्या पोरीसाठी करून राह्यलो वहिनी, थे पुन्यात बोलिंग करते!” सिंधूताईंनी बॉल पदरानं पुसून खाली टाकला. मिरची लागली होती त्याला.

मग मी डावी मोटर कमी केली, कोन बदलला. चौथ्या बॉलपासून काय वळायला लागला! गुरुजींच्या पायाशी पडून बाहेर. खडूनं जिथे गोल काढला होता त्यातच टप्पा, सहापैकी पाच. गुरुजी बॅट टेकून म्हणाले, “मिस्त्री, हा तं योगिनीचाच बॉल आहे.” त्यांना शाळेतला तुझा हात आठवतो.

त्या दिवसाचं विचारलंस. अजून एकच आहे. संध्याकाळी तू झोपल्यावर तुझी आई माझ्याशी बोलली नाही. चार दिवस नाही. ताट वाढायची, पण समोर ठेवून निघून जायची. मी तुझ्याशी बोलायला हवं होतं, तर मी तिलाच मनवत बसलो.

आता ऐक. यंत्र ट्रकवर पाठवलं तर कोण कसं उतरवेल, भरवसा नाही. मी स्वतः घेऊन येतो, दोन मार्चला. आणि तुझ्या मैदानात मला एका कोपऱ्यात बसू दे. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. तुला बॉल टाकताना पाहायचं आहे. एवढ्यासाठीच म्हण, आयुष्यात पहिल्यांदा पुणे बघायला निघालोय.

तुझा बाप


पुणे,
२१ फेब्रुवारी

बाबा,

येऊ नका. हे वाचून तुम्ही खाली बसाल, म्हणून आधीच सांगते, मी ठीक आहे, आजारी नाही, भांडलेले नाही.

इथे मैदान नाही. मी क्रिकेट खेळत नाही. आमचं बोलिंग म्हणजे मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीत, लाकडी पट्टीवरून सात किलोचा गोळा घरंगळवून खुंट्या पाडायचा खेळ. गोळ्याला तीन भोकं असतात, त्यात बोटं घालून उचलतात. घेर सत्तावीस इंच. तो फिरवून घासायला मला स्पिनर हवा होता, खाली मोटर, उभा शाफ्ट, वर वाटीसारखी बैठक, त्यात गोळा ठेवून गरगर फिरवायचा. तुम्हाला नीट लिहिलं नाही ही माझीच चूक. बोलिंग हा शब्द मी इथे दिवसातून पन्नास वेळा ऐकते, तो तुमच्याकडे दुसराच होऊन पोचेल हे डोक्यातच आलं नाही.

मला पहिल्याच पत्राला हे कळवता आलं असतं. लिहिलंही होतं, फाडून टाकलं. का ते सांगते. तुम्ही ‘माझं चुकलं’ लिहिलंत ते क्रिकेट खेळणाऱ्या मुलीला. मी ती नाही, हे सांगितलं की ते वाक्यही तुम्ही परत घ्याल, असं वाटलं. सोळाव्या वर्षापासून मी त्या वाक्याची वाट बघतेय, बाबा. लबाडीनं मिळालं तरी मला ते हवं होतं. म्हणून महिनाभर गप्प बसले आणि तुमच्याकडून फुकट यंत्र करून घेतलं. मालक नाकात हसला त्याचा राग आला मला, आणि मी काय केलं तर तुमचं गावासमोर हसं केलं.

तुम्ही रागवा. पण लिहा.

योगिनी


पुणे,
७ मार्च
(पोस्टकार्ड)

बाबा, दोन आठवडे झाले. राजकुमार गुरुजींना फोन लावला, ते म्हणाले, “बरे आहेत, दुकानाचं शटर आतून लावून घेतात.” रागावलात ना? चूक कबूल आहे. स्पिनरचं सोडून द्या, ते काम बाहेरच्या माणसाला गेलं तरी चालेल. एक ओळ टाका फक्त. यो.


धामणगाव बढे,
१६ मार्च

चि. योगिनी,

रागावलो होतो. खोटं कशाला सांगू? गावात विचारायचे, “काय मिस्त्री, पोरगी कोणाकून खेळते?” मी काय सांगणार, तिसऱ्या मजल्यावर खुंट्या पाडते? दोन दिवस शटर लावून बसलो. तिसऱ्या दिवशी बसून बसून कंटाळलो आणि तू लिहिलंस तो खरा स्पिनर करायला घेतला. तेव्हापासून शटर लावलं ते कामासाठी, रुसून नाही. पत्र मात्र यंत्र चालल्याशिवाय टाकायचं नाही असं ठरवलं. तुझ्या मालकाला हसायला एक संधी दिली, दुसरी देणार नाही.

काम सोपं निघालं, तुझ्या आधीच्या यंत्रापेक्षा सोपं. अर्ध्या एचपीची मोटर, बाजूला उभी बसवलेली. दोन बेअरिंगमध्ये उभा शाफ्ट, लेथवर घासून हाताला लागणार नाही असा केला. मोटरला दोन इंची पुली, शाफ्टला आठ इंची, म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे. वर अजून एक जोडी दिली आहे, पट्टा सरकवला की वेग वाढतो. बैठकीला शेताच्या पाइपाचा तुकडा कापला, काठाला ट्रॅक्टरच्या ट्यूबची रबरी पट्टी चिकटवली. गोळा घसरत नाही आणि ओरखडाही पडत नाही.

पण गोळा आणायचा कुठून? धामणगावात सात किलोचा गोळा मागितला तर लोक मला दवाखान्यात नेतील. शेवटी कुंभाराकडून सत्तावीस इंच घेराचं गोल मडकं आणलं, त्यात सिमेंट ओतलं, वाळल्यावर मडकं फोडलं. वजन भरलं बारा किलो. ते बैठकीत ठेवलं, बटण दाबलं आणि पाणी सोडत पॉलिश पेपर धरला. तासाभरात असा गुळगुळीत झाला की सिंधूताई म्हणतात देव्हाऱ्यात ठेवते. बारा पेलला, तुझा सात कुठे लागतो! जागचा हलत नाही. तू म्हणतेस तसा, भोवऱ्यासारखा.

आता मुद्द्याचं. एवढं शाळेच्या मराठीत मला जमायचं नाही, तोंडानं बोलतो तसंच लिहितो.

तू लिहेलं का मी थे वाक्य वापस घेईन. कायले घेईन व? म्या थे क्रिकेटवालीले नाही लिहेलं, तुले लिहेलं. यंत्र चुकलं माहं, शब्द चुकला, सारं चुकलं, पन थे लिहेलं थे चुकून नाही लिहेलं. तू बॉल टाक का खुंट्या पाड, तुले त्या दिवशी जाऊ द्यायले पाहिजे होतं. तू फाडलं थे पत्र पाठोलं असतं तरी म्या हेच लिहेलं असतं. महिनाभर तू या धास्तीत राहिली याचं मले जास्त लागलं.

आन् दुसरं. गुरुजी म्हनले, थे मोठं यंत्र शाळेले देऊन टाका, पोरी खेळतीन. म्या नाही म्हनलं. चांगलं मागून राह्यले होते, तरी नाही म्हनलं. त्याची एक मोटर काढून या स्पिनरले लावली असती तं काम लवकर झालं असतं. तेही केलं नाही, दुसरी जळेल मोटर नव्या तारेनं भरून घेतली. थे यंत्र तुह्यं होय. तू एक डाव पाहून घे, मंग शाळेले देऊ का भंगारात देऊ थे तू सांग.

स्पिनर ट्रान्सपोर्टवाल्याकडे पुढच्या सोमवारी, चोवीस तारखेला देतो. पेटी करून ठेवली आहे. माझा पुण्याला यायचा काही आग्रह नाही, पाहायला काय आहे तिथे, खुंट्या. तरी या म्हणालीस तर येईन.

तुझा बाप
दयाराम


पुणे,
२१ मार्च

बाबा,

हे पत्र स्पीड पोस्टनं टाकतेय आणि गुरुजींनाही फोन करून ठेवते, कारण पेटी सोमवारी जाऊ द्यायची नाही. ट्रान्सपोर्टला देऊ नका.

स्पिनर न्यायला मी येते. मालकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, “एवढ्यासाठी जायची काय गरज, पाठवतील ना ते.” मी म्हटलं, गरज आहे. मार्च संपायच्या आत त्याच्यासमोर गोळा फिरवून दाखवीन, पण आधी आठ दिवस गावाला. दरवेळी दोन दिवसांसाठी येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच परतीच्या गाडीची वेळ बघत बसते. तुम्ही पाहिलंय ते, बोलला नाहीत कधी.

मागचं मोठं यंत्र सुरू करून ठेवा. अठरा वर्षांत बॅटही हातात धरलेली नाही, बॉल तर सोडाच. खांदा चालेल की नाही, काही सांगता येत नाही. तुमचं यंत्र माझ्यापेक्षा चांगलं टाकत असेल. पण आधी मी टाकणार. तुम्ही म्हणालात ना, पाहायचंय. खुर्ची घेऊन बसा. वाईट पडला तरी उठून जायचं नाही.

रविवारी दुपारी मोताळ्याहून येणाऱ्या एस.टी.नं उतरेन. मी दरवेळी कळवते की स्टँडवर घ्यायला येऊ नका, ऊन असतं, माझी मी येईन.

या वेळी या.

योगिनी